चौसष्ट पावलं

राजापेठेत खोली बघायला गेलो तेव्हा मालकीणबाईंनी माझं आडनाव विचारलं नाही, पगार विचारला नाही, मटण-अंडी चालतात का तेही विचारलं नाही. समोर पाण्याचा पेला ठेवला आणि म्हणाल्या, "पेऊन पाह्य."

मी प्यालो.

"कसं हाये?"

"चांगलं आहे."

"चांगलं म्हंजे कसं? गोड का खारं?"

मला वकिलीची सनद मिळून जेमतेम महिना झाला होता आणि कोणी उलटतपासणी घेतली की घाम फुटायचा. मी "गोड" म्हणालो. मग आमचे लोक कोन्या गावचे ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं, मूळ अकोल्याकडचे, पूर्णाकाठचं गाव, आजोबा भिक्षुकी करायचे, वडील अकोल्याला शिक्षक.

"म्हंजे खारपानातले," त्या म्हणाल्या. घरात कुणाला क्षय होता असं कळल्यावर लोक ज्या सुरात बोलतात त्या सुरात. "मंग राह्य. तुले गोड पान्याची कदर असन."

किल्ली घ्यायला मी हात पुढे केला तर त्यांनी ती मागे घेतली. अजून एक प्रश्न राहिला होता.

"अन् तुमचे कुठी हायेत?"

"आई-वडील अकोल्यालाच."

"थे नाही. मेलेले."

असं कुणी कुणाला विचारतं, हे मला ठाऊक नव्हतं. सांगितलं की आजोबांच्या अस्थी पूर्णेत सोडल्या, आजीच्या नाशिकला नेऊन गोदावरीत. काकूंनी (मालकीणबाईंना सगळे भाडेकरू काकूच म्हणत) जरा विचार केला.

"म्हंजे वाहून राहिले," म्हणाल्या आणि किल्ली दिली.

त्या घरात मी सहा वर्षं राहिलो. काकू तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या. नवऱ्याचा फुलांचा धंदा होता. ते अकोल्याला बहिणीकडे गेले असताना तिकडेच वारले आणि तिकडच्याच भूमीत गेले. काकू म्हणायच्या, "थे तिकडे, मी इकडे. संसारातबी आमचं असंच होतं." मूल एकच झालं होतं, मुलगी. चार वर्षांची होऊन तापानं गेली. तिच्याबद्दल मात्र काकू कधी "होती" म्हणायच्या नाहीत. "माही पोट्टी गावाले हाये," म्हणायच्या, आणि नव्या भाडेकरूला पहिले सहा महिने वाटायचं की काकूंची लेक सासरी आहे. मलाही वाटलं होतं. एका दिवाळीला मी विचारलं, "ताई येणार नाहीत का?" काकू म्हणाल्या, "थे कशी येईन? मीच जातो." दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेल्याही.

काकूंना घड्याळ, पाटी, नंबर असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. सगळी दुनिया त्या पावलांनी मोजत. दवाखाना दोनशे दहा, किराणा चाळीस, दत्ताचं देऊळ (ज्यात त्या जात नसत, पण अंतर ठाऊक होतं) एकशे पस्तीस. गॅसवाल्याला पत्ता सांगायच्या तो असा: "चौकातून एकशे चाळीस पावलं ये, मंग डाव्या हाताले पंधरा." तो बिचारा "मॅडम, लँडमार्क सांगा" म्हणायचा. काकू फोन माझ्याकडे देत आणि म्हणत, "याले मोजता येत नाही."

राजापेठेत सकाळ-संध्याकाळ क्लासला जाणाऱ्या पोरापोरींच्या गाड्यांचा नुसता पूर असतो. काकू मोजत चालल्या असताना कुणी हॉर्न मारला की गणती चुके, आणि चुकली की त्या परत जिथून सुरुवात केली तिथे जात. एकदा एका स्कूटीवाल्या मुलीनं त्यांना तीनदा चुकवलं. चौथ्यांदा काकू रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या, काठी आडवी धरली आणि म्हणाल्या, "बाई, माहे बावन झाले. मले साठपर्यंत जाऊ दे, मंग तू डॉक्टर होय." मागे वीस-पंचवीस गाड्या थांबल्या. काकू साठ मोजून फुटपाथावर चढल्या.

आणि चूक कबूल करणं हा प्रकार त्यांच्या कुंडलीत नव्हता. एका लग्नाला आम्ही दोघं गेलो होतो. काकू मोजत पुढे, मी मागे. आम्ही ज्या हॉलमध्ये शिरलो तिथे नवरी वेगळी, नवरा वेगळा, दारावरचं नाव वेगळं. मी हळूच सांगितलं. काकूंनी पंगतीत बसून वांग्याची भाजी, पुरी, बुंदी, वरणभात असं रीतसर जेवण केलं, नवरीच्या हातात आहेर दिला आणि बाहेर आल्यावर म्हणाल्या, "लोकं आजकाल हॉल बदलवतेत अन् कोनाले सांगत नाही."

हा सगळा मोजण्याचा रोग कुठून आला ते मला हळूहळू कळलं. तो त्यांचा एकटीचा नव्हताच. त्यांच्या अख्ख्या गावाचा होता.

गाव नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडे आहे, लहानसं, भाजीपाल्याचं. त्याच्या वसण्याची गोष्ट काकूंनी मला इतक्यांदा सांगितली की आता मीच ती चांगली सांगतो. सात घरं होती, बागवानी करणारी, महानुभाव पंथाची. राहायची खारपाणात. तिथे काळी जमीन ढीगभर, पण विहिरीचं पाणी मिठासारखं. कापूस-ज्वारी पावसावर येते. वांगी, मेथी, कांदा कशावर येणार? शेवटी सातही घरांनी गाड्या जुंपल्या आणि गोड पाणी शोधत निघाले. बायकांनी बियाणं लुगड्याच्या ओच्यात बांधून घेतलं होतं. वाटेत एक विहीर खणली, खारी लागली. पुढे दुसरी खणली, खडक लागला. तिसरी खणली ती आताच्या गावाच्या जागी. तेव्हा तिथे पळस आणि बोरींचं रान होतं. पाच पुरुष खोल गेल्यावर ओल लागली. सगळ्यांत थोरल्यानं खालून चिखल चाखला आणि "गोड हाये" म्हणून ओरडला, आणि तेवढ्यात बाजूची दरड त्याच्यावर आली.

"त्याले वर काढलं," काकू सांगायच्या, "अन् खाली पानी भरून राहिलं होतं. गोड."

काही जण म्हणाले, अपशकून झाला, पुढे चला. तेव्हा त्यांच्यातली एक म्हातारी म्हणाली, "आता कसं जाता? याले इथी एकट्याले ठिवून?" तिथेच गाव ठरलं. काकूंचं म्हणणं असं की घर बांधून गाव होत नाही. घर काय, सोडून जाता येतं. एक माणूस पुरला की मग गाव सोडता येत नाही.

पंथाची माणसं दहन करत नाहीत, भूमीत ठेवतात. पण काळी जमीन भाज्यांची, ती कशी अडवायची? म्हणून विहिरीपलीकडचं मुरमाड रान, जिथे कुसळसुद्धा नीट येत नाही, ते त्या थोरल्याला दिलं. "काळी जित्याची, मुरूम मेल्याचा," अशी गावात म्हणच आहे. तेव्हापासून सगळे तिथेच. आणि कुणावरही दगड नाही, ओटा नाही, नाव नाही. मी विचारलं, असं का?

"दगड ठिवला का उद्या कोनी त्याले शेंदूर लावते," काकू म्हणाल्या. "परवा नारळ फोडते. तेरवा थो देव होते. आमच्यात चालत नाही."

"मग कोण कुठे आहे हे कळतं कसं?"

"मोजून," काकू म्हणाल्या, आणि मला वाटलं की मी फारच बावळट प्रश्न विचारला.

पद्धत अशी. जुन्या विहिरीच्या पहिल्या पायरीवर उभं राहायचं आणि चालायला लागायचं. घरागणिक रांग ठरलेली. काकूंच्या घराची रांग कडुनिंबाच्या रोखानं. थोरला दीर एक्केचाळीस, चुलतसासरे त्रेपन्न, आणि काकूंची मुलगी चौसष्ट. हे आकडे पुरुषांना ठाऊक नसत. ते खड्डा खणत आणि विसरून जात. आकडे बायका सांभाळत. भाजी घेऊन बाजाराच्या वाटेला लागायचं तर विहिरीवरून मुरमाडातूनच जावं लागे, तेव्हा चालता चालता सासू सुनेला शिकवायची. काकूंना सगळ्या गावाचे मिळून शंभरावर आकडे पाठ होते. पुराणिक घराण्यातला असूनही मला इतकं काही पाठ नाही.

महिन्यातून एकदा काकू एसटीनं गावी जात, विहिरीवरून चौसष्ट पावलं मोजत आणि तिथे तासभर बसत. एकदा मीही गेलो होतो. त्या जमिनीवर बसून मुलीला राजापेठेतल्या बातम्या सांगत होत्या. कुणाच्या घरी काय झालं, गॅसवाला कसा मूर्ख आहे, वरच्या खोलीतला वकील कसा केस हरला. शेजारची थोडी जागा हातानं साफ केली आणि मला म्हणाल्या, "हे माही. इथी दुसऱ्या कोनाले ठिवू देऊ नोको. लिहून ठिव." मी वहीत लिहून घेतलं. त्यांना एवढंच हवं होतं, पोरीच्या शेजारची तेवढी जागा.

माझं तिथलं पाचवं वर्ष चालू होतं तेव्हा गावाहून काकूंच्या धाकट्या जावेचा फोन आला. ही जाऊ गावातच राहून अजून भाजी पिकवते आणि स्वतः बाजारात नेते. दोघींचं फारसं सख्य नव्हतं. जावेच्या मते काकू शेत सोडून शहरात पळाल्या होत्या, आणि काकूंच्या मते जावेला मोजता येत नव्हतं. जाऊ फोनवर म्हणाली, "पंचायतीत कागद लागला हाये. मुरमाडावर सोलरवाले येऊन राहिले. तुहा वकील असन त पाठव."

कागद पाहिला. ती जागा सरकारी दप्तरात ई-क्लास, म्हणजे सरकारी पडीक, आणि सौर पॅनेल लावायला एका कंपनीला द्यायचं घाटत होतं. काही येत नाही अशीच जमीन त्यांना हवी असते, आणि गावानं नेमकी तशीच मेलेल्यांना दिलेली. गावाच्या सामायिक जागांची नोंद ज्यात असते ते निस्तार पत्रक काढलं. त्यात नाल्याकाठचं स्मशान होतं, गुरांचा रस्ता होता, बाजाराची जागा होती. पंथाच्या लोकांची दफनभूमी नव्हती. कुणी कधी लिहून घेतलीच नव्हती. ती बायकांच्या डोक्यात होती.

तहसील कचेरीत नायब तहसीलदार भला माणूस निघाला. पण तो म्हणाला, "वकीलसाहेब, मी जागा पाहून आलो. एक थडगं नाही, एक दगड नाही. मी काय बघून लिहू? उकरून दाखवता का?"

काकू माझ्या मागे बसल्या होत्या. "माणसं झोपून हायेत," म्हणाल्या, "उकरत नाही."

तेव्हा मला कल्पना सुचली. वकिलीत पाचच वर्षं झाली होती आणि माझ्या हुशारीवर माझा फार जीव होता. मी म्हणालो, साहेब, गावातल्या तीन वयस्क बायका घ्या. एकीला दुसरी दिसू देऊ नका. प्रत्येकीला एकाच माणसाची जागा दाखवायला सांगा. तिघी एकाच ठिकाणी थांबल्या तर मानाल का? त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, मानीन. कुणाची जागा, असं विचारल्यावर काकू ताबडतोब म्हणाल्या, "माह्या पोट्टीची. थे चुकूच शकत नाही."

पाहणीच्या दिवशी सकाळी सगळे विहिरीवर जमले. नायब तहसीलदार, त्याचा लेखनिक, पटवारी, कंपनीचा एक माणूस, अर्धं गाव. बाकीच्या दोघींना शेतात थांबायला सांगितलं होतं. पहिल्या काकू. काठी माझ्या हातात दिली, पायरीवर उभ्या राहिल्या, कडुनिंबाकडे नजर लावली आणि निघाल्या. चौसष्टला थांबल्या. लेखनिकानं तिथे एक खिळा ठोकला, वर चिमूटभर माती टाकली. काकू बाजूला येऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या, परीक्षेत पहिली येणार हे ठाऊक असलेल्या मुलीसारख्या.

मग जावेला बोलावलं. ती थेट शेतातून आली, डोक्यावर वांग्याचं टोपलं, कारण इथून तिला बाजार गाठायचा होता. "लवकर आटपा," म्हणाली आणि टोपल्यासकट चालायला लागली. चौसष्ट. खिळ्याच्या चांगली आठ-दहा हात अलीकडे थांबली.

काकू म्हणाल्या, "म्या सांगतलं होतं, तिले मोजता येत नाही."

तिसरी दुसऱ्या घरातली, काकूंपेक्षाही थकलेली म्हातारी, तिच्या डोक्यावर मेथी. आली, चालली आणि जावेच्या खिळ्यापासून एका वितीवर थांबली.

कंपनीचा माणूस हसला नाही, पण त्यानं खिशातून मोबाइल काढून फोटो घेतला. नायब तहसीलदार माझ्याकडे वळला. "दोन जुळल्या, एक नाही. आणि जी नाही तीच अर्जदार. मी काय लिहू?"

मी सावरायला गेलो. म्हणालो, "साहेब, वय झालंय त्यांचं."

"वय माह्या पायाले झालं, ध्यानाले नाही," काकू कडाडल्या. "चौसष्ट म्हंजे चौसष्ट."

"चौसष्टच हाये व," जाऊ म्हणाली. "कोन नाही म्हनते?"

जावेनं एका बाईला हात द्यायला लावला आणि टोपलं खाली उतरवलं, चुंबळ काढून मान चोळली. काकू तिच्याकडे बघत होत्या. एकदम खाली वाकून त्यांनी चपला काढल्या.

"थे माह्या डोक्यावर ठिव."

"पडशीन बाई."

"ठिव म्हनतो न."

चाळीस वर्षं काकूंनी डोक्यावर काही घेतलं नव्हतं. गुडघे गेलेले. दोघींनी मिळून टोपलं चढवलं, तेव्हा त्या क्षणभर डुलल्या आणि मी धावलो, तर म्हणाल्या, "हात लावू नोको, मोजनं चुकन." आणि निघाल्या. मी आजवर पाहिलेली त्यांची चाल ती नव्हतीच. पाऊल आखूड झालं, टाच आधी टेकायला लागली, कंबर हलेना. चौसष्टला त्या थांबल्या तेव्हा जावेचा खिळा त्यांच्या अंगठ्याजवळ होता.

कुणी कधी सांगितलंच नव्हतं. त्या गावात सासू सुनेला आकडा शिकवायची तेव्हा दोघींच्या डोक्यावर भाजी असायची, मग "टोपलं घेऊन मोज" असं सांगायची गरज कुणाला पडली असती? उंच बाई असो की बुटकी, भरलं टोपलं असलं की सगळ्यांचं पाऊल एकसारखं पडतं. काकूंनी आकडा जपला होता. ओझं तेवढं राजापेठेत राहायला गेल्यावर उतरलं होतं, आणि मोकळ्या डोक्याचं पाऊल लांब पडतं.

नायब तहसीलदारानं मग स्वतःच्या मनानं आणखी दोन नावं निवडली. तिघींनी टोपली घेऊन आळीपाळीनं दाखवली, वितीचा फरक पडला नाही. तो खुर्चीवर बसून लिहायला लागला. केस आम्ही जिंकली होती, आणि माझी छाती फुगायला हवी होती.

पण काकू त्या खिळ्यापाशीच उभ्या होत्या. जाऊ त्यांच्याजवळ गेली.

"मंग तू आजलोक बसत होती थे कोनापाशी?"

जावेनंच टोपलं घेतलं, पायरीवरून मोजत आली आणि काकूंच्या पहिल्या खिळ्यापाशी उभी राहिली. "बाहत्तर," म्हणाली. "बाहत्तर त बुढी हाये."

म्हणजे सासू. ज्या सासूशी भांडून काकूंनी गाव सोडलं होतं ती. बांधावरच्या बायकांमध्ये हसू पिकलं. एक जण म्हणाली, "म्हंजे बुढीनं सारं आयकलं न व!" काकूंनाही हसू येईल असं मला वाटलं. त्या हसल्या नाहीत. जावेच्या खिळ्यापाशी खाली बसल्या आणि जमिनीवर हात ठेवला. मुलीपाशी त्या दिवशी त्यांनी काहीच सांगितलं नाही. गेली कित्येक वर्षं ज्या बातम्या सांगितल्या त्या पुन्हा पहिल्यापासून कशा सांगायच्या?

परतीच्या एसटीत त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. माझी कल्पना होती. मी गप्प राहिलो असतो, दुसरा काही पुरावा शोधला असता, तर या बाईला मरेपर्यंत वाटलं असतं की आपण लेकीजवळ बसतो. मी हे त्यांना बोलून दाखवलं. माफी मागितली, खरं तर.

"चूप बस," त्या म्हणाल्या. मग गाव मागे पडल्यावर म्हणाल्या, "इतके वर्सं पोट्टी वाट पाहून राहिली असन. माय येते, अन् आठ पावलं पुढं निंघून जाते."

बडनेरा आलं. मग स्वतःशीच म्हणाल्या, "बुढीनं सांगतलं असन तिले. नातीले सांगतेच आजी." आणि पदरानं नाक पुसलं.

नोंद व्हायला वर्ष लागलं. कंपनीनं दुसरीकडे जागा घेतली. निस्तार पत्रकाची नक्कल घेऊन मी घरी आलो आणि काकूंना वाचून दाखवली. "दफनभूमी" हा शब्द त्यांनी दोनदा वाचायला लावला.

"अन् माही चूक लिवली का त्याच्यात?"

"छे छे," मी म्हणालो. "तुमचं नाव कुठेच वाईट आलेलं नाही."

त्या चिडल्या. "लिवाले पायजे होती! बिनाटोपल्यानं मोजलं त चुकते, असं लिवाले पायजे होतं. आता गावातल्या सुना स्कूटीवर भाजी नेतेत. त्याइले कोन सांगन?"

त्यांनी आपली चूक स्वतःच्या तोंडानं सांगितलेली मी ती एकदाच ऐकली.

त्यानंतर काकू गावी गेल्या की जाऊ त्यांना टोपलं देई. वांगी असत तेवढी, नसली तर विटा. आणि दोघी मिळून चालत. गुडघे पार गेल्यावर जाऊ एकटी मोजे आणि काकू तिच्या मागून काठी टेकत येत. दोघींचं तेव्हाही पटत नव्हतं. पण जाऊ त्यांना बरोबर जागी नेऊन बसवायची आणि तासाभरानं परत न्यायला यायची.

काकू गेल्या तेव्हा मी अकोल्याच्या कोर्टात होतो. फोन आला तोवर गावी नेलंही होतं. मी पाचव्या दिवशी पोचलो. जाऊ शेतात वांगी तोडत होती. मला पाहून काम थांबवलं नाही, तोडता तोडताच सांगत राहिली. शेवटी काही त्रास झाला नाही, माणसं खूप आली, बरोबर जागी ठेवलं, पोट्टीच्या डाव्या हाताले, म्या सोता उभी राहून दाखवलं. मग टोपलं भरलं आणि मला म्हणाली, "जोडे काढ."

मला कळेना.

"तिच्या मागं सून नाही, पोरगी नाही. तिचा आकडा कोनाजवळ ठिवू? मी आज हाये, उद्या नाही. तूच त राह्यत होता तिच्याजवळ."

"पण पुरुष..." मी म्हणालो.

"हाव, पुरुषाच्या ध्यानात राह्यत नाही. लगन झालं का बायकोले शिकव. तवरक तू ठिव."

विहिरीच्या पायरीवर तिनं माझ्या डोक्यावर चुंबळ ठेवली, वर टोपलं. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या डोक्यावर कुणी काही वाहिलेलं नाही. मान आखडली, दोन्ही हात वर. बांधावर बायका उभ्या राहून बघत होत्या आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. जाऊ म्हणाली, "मनात नोको, मोठ्यानं." मी एक म्हणालो. पावलं आपोआप आखूड पडायला लागली. एक्केचाळीसला दीर, त्रेपन्नला चुलतसासरे, जाऊ मागून नावं सांगत होती. चौसष्टला थांबलो. "आता डाव्या हाताले एक." टाकलं.

डोक्यावर टोपलं असलं की खाली बघता येत नाही. टाचेखाली मुरूम टणक होता आणि बोटांखाली माती भुसभुशीत लागत होती. सहा वर्षं ही बाई रोज सकाळी जिन्याखालून "वकील, पानी भरून घे" म्हणून ओरडायची, आणि आता ती माझ्या पायाच्या बोटांपासून सुरू होत होती. मला रडू आलं. हात वर अडकलेले, डोळे पुसता येईनात.

जाऊ समोर येऊन उभी राहिली, माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"रडून घे," म्हणाली. "टोपलं मातर पाडू नोको."